अद्भुतरम्य तैलचित्राचे वर्णन कसे लिहावे

पुण्याच्या बालगंधर्व कलादालनात एखाद्या अद्भुतरम्य तैलचित्रासमोर उभे राहिल्यावर ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न पहिली दहा मिनिटे तरी बाजूला ठेवावा आणि जे डोळ्यांना दिसते तेवढेच वहीत उतरवावे. समजा, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरून एक प्रचंड मासा तरंगत चालला आहे. तर ‘स्वप्नवत’ असे लिहून मोकळे न होता माशाची सावली तटावर पडली आहे का, दरवाजाचे अणकुचीदार खिळे आणि माशाचे खवले सारख्याच बारकाईने रंगवले आहेत का, हे नोंदवावे, कारण अशक्य गोष्ट पटते ती बहुधा अशा काटेकोर तपशिलांमुळेच.

मग बाजूला सरकून तिरक्या नजरेने पृष्ठभाग पाहावा. जवसाच्या तेलातील रंग हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन सावकाश वाळतो, त्यामुळे चित्रकाराला ओल्या रंगातच छटा मिसळता येतात किंवा वाळलेल्या थरावर पारदर्शक थर चढवून खोली आणता येते. (मोबाइलवरच्या छायाचित्रावरून हा भाग लिहू नये; त्यात पोत हरवतो.)

अर्थ लावताना पुणेकराला १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून शहरात आलेला पूर आठवणे साहजिक आहे. परंतु तटावर ओलीची रेघ किंवा चिखल दाखवलेला नसेल, तर ती आठवण आपली आहे, चित्राची नव्हे, हे प्रामाणिकपणे लिहावे. १९२४ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झालेल्या अतिवास्तववादाचे (स्वप्ने आणि सुप्त मन यांतून प्रतिमा घेणाऱ्या कलाचळवळीचे) नाव प्रत्येक विचित्र चित्राला चिकटवू नये. फलकावरचे शीर्षक सर्वांत शेवटी वाचावे.