घरी बनवलेल्या ४×५ कॅमेऱ्याचा फोकस असा जुळवला

जुन्या दाराच्या सागवानातून ४×५ इंची फिल्मचा कॅमेरा बनवला. १५० मिमीची लेन्स लावली. ग्राउंड ग्लासवर (फोकस बघायची मागची खरखरीत काच) डोळे अगदी स्पष्ट दिसायचे, निगेटिव्हवर मात्र नाकाचा शेंडा धारदार आणि डोळे मऊ यायचे.

खात्री करायला पट्टी टेबलावर तिरकी ठेवली आणि लेन्सचं छिद्र एफ ५.६ वर ठेवून ३० सेंमीच्या खुणेवर फोकस केला. महागडी शीट फिल्म न वापरता एक्स-रे फिल्म कापून घातली. ती लाल दिव्यात कापता येते, हे फार सोयीचं. निगेटिव्हवर लेन्सच्या जवळची खूण धारदार आली. म्हणजे फिल्म काचेच्या मागे बसत होती.

मग मोजमाप. होल्डरमध्ये (काचेच्या जागी सरकवायची फिल्मची चपटी पेटी) वाया गेलेली फिल्म भरली, वर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि व्हर्नियर कॅलिपरच्या शेपटीने (खोली मोजायच्या बारीक दांडीने) फिल्मपर्यंतची खोली मोजली: साधारण ४.८ मिमी. तशीच मागच्या चौकटीत काचेपर्यंतची खोली मोजली, तर ती अर्धा मिलिमीटर कमी, आणि चारही कोपऱ्यांत वेगळी! पावसाळी हवेत लाकडाला बाक आला होता.

काच काढली. दुसऱ्या एका सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून चौकटीची ग्राउंड ग्लास टेकते ती कड घासून एकसारखी केली. त्यावर साध्या कागदाच्या पट्ट्या एकेक करून चिकटवल्या. एक कागद सुमारे ०.१ मिमी भरतो, त्यामुळे हवं ते माप नेमकं मिळतं. काचेची खरखरीत बाजू लेन्सकडेच ठेवायची, कारण प्रतिमा तिथेच उमटते आणि मोजायचंही तिथपर्यंतच. शेवटी कडेला शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात दिले. आता पापण्यांचे केससुद्धा मोजता येतात.