दुधीचं गार सूप करताय? या चुका टाळा

मे महिन्यात ठाण्यात गॅससमोर उभं राहायचं म्हणजे शिक्षाच, त्यात बाल्कनीतल्या ग्रो बॅगमधल्या वेलाला एकदम चार दुधी लागले, भाजी करून करून घरचे कंटाळले म्हणून मी गार सूप करायला घेतलं. पहिलं सूप बघून मुलगा म्हणाला, "आई, हे भिंतीला लावायचंय का?"

सगळ्यात आधी, दुधी चिरताना कच्चा तुकडा चाखायचा. दोन्ही टोकांचा. हे मी पण आधी करत नव्हते. कडू लागला तर अख्खा दुधी कचऱ्यात, "साखर घालू, दही घालू, शिजला की जाईल" असलं काही चालत नाही, कारण तो कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो आणि ते शिजवून जात नाही. उलट्या, जुलाब, पोटात प्रचंड दुखणं, कधी रक्ताची उलटी, एवढं गंभीर होऊ शकतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीनेही आधी चाखून बघा, कडू असेल तर खाऊ नका असंच सांगितलंय. घरचा दुधी आहे म्हणून डोळे झाकून विश्वास नको. आणि चुकून कडू पोटात गेलंच, त्रास व्हायला लागला तर ओवा-बिवा चावत न बसता सरळ डॉक्टरकडे जा.

दुसरी चूक म्हणजे तूप. सवयीने कांदा तुपात परतला, फ्रिजमधून काढलं तर वर पांढरे कण आणि टाळूला मेणाचा थर!! बटरचंही तेच. गार सूपला तेलच, तेही चमचाभर.

मग पाणी. दुधी स्वतःच पाणी सोडतो, त्यामुळे अर्ध्या किलोला एक वाटी भरपूर झालं. मी कुकरला तीन शिट्ट्या काढल्या होत्या, रंग गेला आणि चवही गेली (भिंतीचा डिस्टेंपर तो हाच). आता कोवळा दुधी सालासकट कढईत झाकण ठेवून जेमतेम मऊ करते, हिरवा राहतो. जून असेल तर साल आणि मधला कापसासारखा भाग, बिया सगळं काढा, नाहीतर सूप खरखरीत लागतं. तरी पातळ झालंच तर भिजवलेले सात-आठ काजू वाटून घाला. कॉर्नफ्लॉवर नको, गार झाल्यावर चिकट खळ होते.

गरम गरम मिक्सरला लावू नका, वाफेने झाकण उडतं, आमच्या ट्यूबलाइटवर अजून डाग आहे. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, पटकन निवतं, मग वाटा. दही पूर्ण गार झाल्यावरच घालायचं, कोमट सूपमध्ये पण फाटू शकतं. आणि निवायला ठेवलं म्हणून संध्याकाळपर्यंत ओट्यावर विसरू नका, आपल्याकडच्या दमट उकाड्यात तासाभरात फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे.

मीठ, लिंबू मात्र शेवटी. गार पदार्थाची चव जिभेला कमी कळते, गरम असताना बरोबर लागलेलं मीठ दोन तासांनी अळणी वाटतं. कच्च्या लसणाचं उलटं, तो फ्रिजमध्ये जास्तच चढतो, एक छोटी पाकळी पुरे.

झुकिनी मिळाली तर तिचंही असंच करा, तीही चाखूनच, फक्त शिजायला वेळ कमी लागतो. आणि वाढताना बर्फ टाकू नका, पांचट होतं. मी आइस ट्रेमध्ये ताकच गोठवते, त्याचे दोन क्यूब वाटीत सोडायचे.