मिनी ट्रॅक्टरची फूटरेस्ट घसरडी झालीय? पावसाआधी तिला अशी पकड द्या

ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळ्याच्या बाजूला आमची नर्सरी आहे. लाल माती, शेणखत, मोठ्या कुंड्या हलवायला मिनी ट्रॅक्टर आणि मागे छोटी ट्रॉली. मागच्या जुलैत आमचे माळीकाका उतरताना पायरीवरून सटकले. नडगी पायरीच्या धारेवर आपटली, नऊ टाके पडले. तेव्हा ट्रॅक्टर बंद होता, उभा होता. क्लच दाबताना पाय सटकला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

म्हणून हे काम मे महिन्यातच उरका. आपल्याकडे पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. एकदा तो लागला की पत्रा नीट कोरडा होत नाही, आणि ओल्या पत्र्यावर टेप चिकटत नाही की रंग बसत नाही.

आधी फूटरेस्टवर, म्हणजे चालवताना पाय ठेवतो त्या पत्र्यावर, हात फिरवून बघा. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांना पत्र्यावर उठाव असतात, पण टाचेखालचा भाग दोन-तीन वर्षांत गुळगुळीत होतो. त्यावर ओल्या गवताचा रस, चिकणमाती आणि कुठून तरी गळणारं ऑइल यांचा पातळ थर बसतो. गळती असेल तर ती आधी बंद करा. तेल ठिबकत असताना वर काहीही लावलं तरी महिनाभरात सुटतं.

मग सफाई. सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्या. इंजिन थंड असू द्या, चावी काढून घ्या. तारेच्या ब्रशने माती आणि गंज खरवडा, कपड्याच्या साबणाच्या पावडरीने घासून धुवा, दिवसभर उन्हात वाळवा. त्यानंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने जुन्या रंगाची चकाकी मारा आणि स्वच्छ फडक्यावर थिनर घेऊन पुसून काढा. डिझेलने पुसू नका. सवयीने हात तिकडेच जातो, पण डिझेल मागे तेलकट थर ठेवतं. शेवटी पांढरं फडकं फिरवा. ते पांढरंच राहिलं तर पत्रा तयार आहे, काळं झालं तर पुन्हा पुसा.

पुढे तीन वाटा आहेत.

घाई असेल तर अँटी-स्लिप टेप. मागे गोंद, वर सँडपेपरसारखी खर. ५० मिलिमीटर रुंदीची पट्टी सोयीची पडते. एक अखंड तुकडा न लावता आखूड पट्ट्या कापा आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवा, म्हणजे पाणी वाहून जातं. प्रत्येक पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल करा. टेप उखडायला सुरुवात होते ती चौकोनी कोपऱ्यापासून. मधून बाहेरच्या बाजूला दाबत हवा काढा आणि एक दिवस तिच्यावर पाय ठेवू नका. पत्र्याला उठाव असतील तर टेपच्या नादी लागू नका, ती उठावांच्या मध्ये पोकळ राहते आणि फाटते.

आमच्या ट्रॅक्टरला मी दुसरा उपाय केला, रंग आणि रेती. माझं मत याच उपायाला आहे, कारण वाकडातिकडा, उठावाचा, कसाही पत्रा असला तरी तो चालतो. दुकानातून दोन डब्यांचा इपॉक्सी रंग आणा, एका डब्यात रंग आणि दुसऱ्यात तो कडक करणारं हार्डनर. उघड्या लोखंडावर आधी प्रायमरचा हात द्या. तो सुकला की डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात इपॉक्सी कालवा, पण लागेल तेवढाच, कारण उरलेला डब्यातच घट्ट होतो. एक जाडसर हात मारा आणि ओला असतानाच चाळलेली, सुकी रेती वरून भुरभुरवा, चकलीवर तीळ पेरावेत तशी, पण पत्रा दिसेनासा होईपर्यंत. खाडीची रेती मुळीच वापरू नका. तिच्यातलं मीठ आतून गंज आणतं. पाण्याच्या फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका सँड, साखरेच्या दाण्याएवढी, उत्तम. दुसऱ्या दिवशी सैल रेती झाडून टाका आणि वरून इपॉक्सीचाच एक पातळ हात द्या, म्हणजे दाणे जागेवर बसतात. हात जाड झाला तर दाणे बुडतात आणि मेहनत वाया जाते. पूर्ण कडक व्हायला आठवडाभर द्या.

पायरीचा पत्राच झिजून पातळ झाला असेल तर तिसरी वाट, चेकर प्लेट, म्हणजे उठावदार नक्षीचा जाड लोखंडी पत्रा. वागळे इस्टेटसारख्या ठिकाणी फॅब्रिकेशनवाल्याकडे उरलेला तुकडा वजनावर मिळू शकतो. ३ मिलिमीटर जाडीचा, ३० बाय २५ सेंटिमीटरचा तुकडा साधारण दोन किलो भरतो. शक्यतो नट-बोल्टने बसवा. वेल्डिंगच करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि डिझेलची टाकी जवळ असेल तर पायरी सोडवून दुकानात न्या. एक सांगून ठेवतो: चेकर प्लेट चिखलाला चांगली, पण ऑइल सांडलं तर तीही सटकते. तिच्यावरही रेतीचा हात द्यावा.

रबरी मॅट मात्र मी काढून टाकली. तिच्याखाली पाणी साचून पत्रा सडतो, आणि ती सरकून ब्रेकच्या पेडलखाली गेली तर ब्रेक पूर्ण लागत नाही. वर काहीही बसवा, पण नंतर क्लच आणि दोन्ही ब्रेक तळापर्यंत दाबून बघा. पूर्ण दाबल्यावरही पेडल आणि फूटरेस्टमध्ये बोटभर जागा राहिलीच पाहिजे. पेडलच्या रबरावरच्या रेघा झिजल्या असतील तर ती रबरंही याच फेरीत बदला.

तपासणी सोपी आहे. ट्रॅक्टर बंद ठेवा, हँडब्रेक लावा, फूटरेस्टवर साबणाचं पाणी ओता, रोजचेच बूट घाला. दोन्ही हातांनी ट्रॅक्टरला धरून ठेवा आणि टाच जोर लावून पिळा. सरकली तर अजून एक थर लागेल.

माळीकाका आता ट्रॅक्टरकडे तोंड करून उतरतात, दोन्ही हात धरलेले. पायरीला सध्या रेतीचे दोन थर आहेत. पावसाळ्यात दर शनिवारी ते स्वतःच ब्रशने दाण्यांमधली माती काढतात, कारण खाचा भरल्या की खर संपते.