कोब्यातली ओल: फरशीवाल्याला फोन करण्याआधी

पोचा नंतर मारा, आधी त्या खोलीचा एमसीबी बंद करा. जमिनीलगतच्या प्लगात पाणी गेलेलं वरून कळत नाही.

कोथरूडमध्ये आमचं घर तळमजल्यावर. स्टोअररूमला फरशी नाही, नुसता कोबा, म्हणजे सिमेंट-काँक्रीटची घोटलेली जमीन. शेजारच्या बाथरूमच्या भिंतीतला जुना जीआयचा पाइप गंजून गळला. प्लंबर पाइप बदलून म्हणाला, "आठ दिवसांत सुकेल, काकू." आठ दिवसांत वरचा रंग तेवढा फिका झाला.

म्हणून गळती खरंच थांबलीय का, हे स्वतः बघून घ्या. टाकी तुमच्या एकट्याची असेल तर रात्री भरणं थांबवा, सगळे नळ बंद करा, पातळीवर खूण करा आणि सकाळी कुणी ब्रशला हात लावण्याआधी वर जाऊन या. सोसायटीची एकत्र टाकी असेल तर प्लंबरकडून लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या. पाइप शाबूत निघाला तर संशय नहाणी ट्रॅपवर (बाथरूमच्या जाळीखालचा, सांडपाणी जायचा भाग) आणि बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांवर. ट्रॅपचं तोंड बोळा घालून बंद करा, बोटभर पाणी साठवा, दिवसभरात पातळी उतरते का बघा. (पाण्यात रंगपंचमीचा उरलेला रंग घालायची आयडिया आमच्याकडे निघाली होती. डाग जात नाहीत, नका करू.)

मग खोली रिकामी करा. सतरंज्या, पुस्तकं, धान्याचे डबे बाहेर. कपाट हलत नसेल तर पायांखाली फरशीचे तुकडे सरकवा. टेबल फॅन जमिनीवरच ठेवा, वारा कोब्यावरून आडवा गेला पाहिजे. एप्रिलमधल्या पुण्याच्या कोरड्या दुपारी खिडक्या सताड उघड्या टाका. जुलैत मात्र खिडकी उघडी ठेवली की बाहेरचा दमटपणाच आत येतो. तेव्हा दार-खिडक्या लावून डीह्युमिडिफायर, नाहीतर एसी ड्राय मोडवर. बंद खोलीत शेगडी पेटवून ओल घालवण्याचा सल्ला हमखास मिळेल. कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो, ऐकू नका.

वेळ किती? ढोबळ हिशेब असा, की काँक्रीटच्या 25 मिलिमीटर जाडीला, हवा कोरडी असेल तर, साधारण महिना. चार इंचाचा थर म्हणजे तीन-चार महिने, आणि पावसाळ्याचे दिवस त्यात धरूच नका. पांढरा लोणा (ओलीबरोबर वर येणारे क्षार) फुटला तर कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून पुन्हा आत जिरतो, आणि ॲसिडने सिमेंटच खाल्लं जातं.

सुकला असं वाटलं की दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवा. निदान 16 तास ठेवा. आम्ही पहिल्यांदा उचलला तेव्हा खालच्या अंगाला मोहरीएवढे थेंब होते, आणि खालचा कोबा भोवतालपेक्षा गडद. थेंब वरच्या अंगाला असतील तर तो हवेतला दमटपणा. एकाच जागी बघू नका; एक भिंतीलगत, एक मध्यभागी असे दोन-तीन चौकोन लावा.

सगळे कोरडे निघाले की फरशीवाल्याला बोलवा. सिमेंटात बसवलेली फरशी थोडी ओल सोसते. व्हिनाइल उचकटतं, लॅमिनेट फुगतं, इपॉक्सीला फोड येतात. "वरून केमिकल मारून झाकून टाकू" म्हणाला, तर चहा पाजून परत पाठवा.