पीएच.डी.ची समिती कशी जुळवावी आणि परीक्षेची तारीख कशी मिळवावी

पीएच.डी.च्या पहिल्या मोठ्या परीक्षेत नापास होणारे थोडे. तारीखच मिळत नाही म्हणून महिनेच्या महिने अडकून पडणारे मात्र जवळजवळ प्रत्येक विभागात सापडतात. अभ्यास तुमच्या हातात असतो. समितीतल्या चार-पाच माणसांची सवड मात्र हातात नसते. ती कशी मिळवायची, हाच या लेखाचा विषय.

तुमच्या संस्थेत या परीक्षेला काय म्हणतात?

बिट्स पिलानीच्या गोव्यातल्या झुआरीनगर कॅम्पसवर तिला क्वालिफाइंग म्हणतात. दोनापावलाच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) राहून एसीएसआयआर या विज्ञान अकादमीची पीएच.डी. करणाऱ्यांना कॉम्प्रिहेन्सिव्ह द्यावी लागते. अमेरिकेत गेलेली आपली मुलं घरी फोन करून 'प्रिलिम झाली' म्हणतात, तीही याच जातीची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत अशी स्वतंत्र परीक्षा नाही. तिथे किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात ५५ टक्के गुण, संशोधन सल्लागार समितीपुढे आराखड्याचं सादरीकरण, मग दर सत्राला प्रगतीचा आढावा असा क्रम आहे. नाव काहीही असो, तुमच्यापुढे समिती असते आणि तिच्यापुढे उभं राहायला तारीख लागते.

म्हणून आधी तुमच्या संस्थेचा अध्यादेश, म्हणजे पीएच.डी.चे नियम, मिळवा आणि तोही तुमच्या नोंदणीच्या वर्षाला लागू असलेला. २०२२ च्या नियमांआधी नोंदणी झाली असेल तर तुम्हाला २००९ चे किंवा २०१६ चे नियम लागू असतील. सीनियरचं 'आमच्या वेळी असं होतं' हे इथे अजिबात चालत नाही. अध्यादेशात पाच गोष्टी शोधा: समितीत किती सदस्य हवेत, विभागाबाहेरचे किती, परीक्षा कधीपर्यंत उरकायला हवी, संधी किती आणि ऑनलाइन हजेरी चालते का. उत्तरं वहीत लिहून ठेवा. पुढे ऑफिसशी बोलताना कामी येतील.

समितीत कोणाला घ्यायचं?

आपल्याकडे नावं सुचवतात गाईड आणि आदेश काढतं विद्यापीठ. विद्यार्थ्याने परस्पर कोणाला आमंत्रण द्यायचं नसतं. पण कोणाचं नाव का, याचा विचार तुम्ही करून गेलात तर बहुतेक गाईडना बरंच वाटतं. त्यांच्याकडे कोरी पाटी घेऊन जाऊ नका, पाच-सहा नावं आणि प्रत्येकासमोर एक ओळ कारण असा कागद घेऊन जा.

समजा, तुमचा विषय खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती आहे. खारं पाणी शेतात शिरल्याने मातीचं काय होतं, हे सांगणारं कोणीतरी हवं. बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारं) कोण सांभाळत होतं, हे कोमुनिदादच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या कागदांत आहे आणि ते कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, म्हणजे पोर्तुगीज वाचणारा इतिहासाचा माणूस हवा. तुम्ही सर्वेक्षण करणार असाल तर नमुना कसा निवडला, हे विचारणारं संख्याशास्त्रातलं कोणीतरी हवं. तिघेही खाजनावरचेच तज्ज्ञ असतील तर समिती भारदस्त दिसेल, पण सर्वेक्षणातली चूक शेवटच्या व्हायवात (तोंडी परीक्षेत) बाहेर येईल.

मोठ्या नावाच्या मोहात पडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अनेक समित्यांवर असलेला, सतत दिल्ली-मुंबईच्या वाऱ्या करणारा माणूस तुमचा मसुदा गाडीत बसून चाळणार. त्यापेक्षा कॉलेजात शिकवणारी, फारशी चर्चेत नसलेली पण तुमच्या पानापानावर पेन्सिल चालवणारी मॅडम शंभर पटींनी बरी. सुचवायच्या व्यक्तीच्या हाताखालच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून एकच प्रश्न विचारा: मसुदा दिल्यावर सर किती दिवसांत वाचतात? उत्तर लांबण लावणारं आलं की समजून जा. निवृत्ती जवळ आली आहे का, कोणी दीर्घ रजेवर जाणार आहे का, हेही पाहा. सदस्य मध्येच बदलला की नवा आदेश येईपर्यंत सगळं थांबतं.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. २०२२ च्या नियमांनुसार प्रबंध तपासायला संस्थेबाहेरचे किमान दोन परीक्षक लागतात. गोव्याशी निगडित विषयांत जाणकार मोजकेच असतात. कोल्हापूर, पुणे, मुंबई, बेळगाव इथले सगळे जाणकार तुम्ही आत्ताच समितीत भरले, तर पुढे परीक्षक म्हणून उरणार कोण? ज्यांनी तुमचं काम घडवलं त्यांनाच तटस्थ परीक्षक म्हणून बोलावणं बरं दिसत नाही. म्हणून एक-दोन नावं मुद्दाम मागे ठेवा. आणि परीक्षकांच्या यादीची चौकशी कधीही करू नका. ती गोपनीय असते. तिथे तुमचा एक फोनही अंगाशी येऊ शकतो.

विचारायचं कसं?

गाईडनी होकार दिला आणि 'तूच एकदा बोलून घे' म्हटलं की मेल करा. व्हॉट्सअॅप नंतर. मेल छोटा असावा, असा काहीसा:

'आदरणीय मॅडम, मी अमुक विभागात अमुक सरांच्या मार्गदर्शनाखाली खाजन जमिनींवर संशोधन करत आहे. आपण माझ्या सल्लागार समितीत असावं, अशी सरांची आणि माझी इच्छा आहे. वर्षाला साधारण दोन बैठका आणि त्याआधी वीसेक पानांचं वाचन, एवढं काम असेल. दोन पानांचा आराखडा सोबत जोडला आहे. आपली अनुमती असल्यास विभागाकडून रीतसर पत्र येईल. नकार असेल तरी मोकळेपणाने कळवावं.'

शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याकडे समोरासमोर नाही म्हणायला माणूस संकोचतो, मग 'बघूया' म्हणतो आणि त्या 'बघूया'त तुमचं सत्र निघून जातं. आठवड्यात उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा. तरीही नाही आलं तर यादीतलं पुढचं नाव.

तारीख

गोव्याचं वर्ष कॅलेंडरवर दिसतं त्यापेक्षा बरंच आखूड असतं. गणेश चवथीच्या आधीचा आठवडा माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) आणि बाजारात जातो, नंतरचे दिवस गावच्या घरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सत्र परीक्षा आणि पेपर तपासणी. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. पणजीत बाहेरच्या पाहुण्याला परवडणारी खोली मिळवून दाखवा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, १९ ला मुक्तिदिन, मग नाताळ आणि नववर्ष. या दिवसांत विमानाच्या तिकिटाचा आकडा पाहून विभागाचे अकाउंटंट डोळे वटारतात. फेब्रुवारी-मार्चात कार्निव्हल, शिगमो, पुन्हा एप्रिल-मेच्या परीक्षा. शिवाय २०१२, २०१७ आणि २०२२ च्या विधानसभा निवडणुका फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात झाल्या. २०२७ चीही साधारण तेव्हाच अपेक्षित आहे आणि प्राध्यापकांना निवडणुकीची ड्युटी चुकत नाही.

उरतात दोन खिडक्या. जानेवारीचा दुसरा आठवडा ते कार्निव्हल ही पहिली, जुलै ते चवथीच्या पंधरा दिवस आधीपर्यंत ही दुसरी. मला दुसरी आवडते. पाऊस असतो, पण माणसं जागेवर असतात. फक्त घाटातून येणाऱ्या तज्ज्ञाला आदल्या दिवशी बोलवा. दरड कोसळली की चोर्ला काय, आंबोली काय, सगळेच अडकतात.

'आपल्याला कधी सोयीचं आहे?' असं मोघम कोणालाही विचारू नका. आधी बाहेरच्या तज्ज्ञाला गाठा, त्यांच्याकडून तीन तारखा घ्या, त्याच तीन इतरांपुढे ठेवा. सकाळ की दुपार तेही लिहा. उत्तराला चार दिवसांची मुदत द्या. तारीख जुळली की त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळवा, कारण दोन दिवस गेले की कोणाच्या तरी कॉलेजात नॅकची (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) बैठक उगवते.

मग मागे मोजत या. परीक्षेच्या चार आठवडे आधी बाहेरच्या सदस्याच्या हाती मसुदा, तीन आठवडे आधी बाकीच्यांच्या, त्याआधी गाईडच्या दुरुस्त्यांना दोन आठवडे. ऑफिसच्या पत्राला किती दिवस लागतात ते तिथल्या कर्मचाऱ्यालाच विचारा आणि त्यात थोडे आणखी धरा. मसुदा पीडीएफने पाठवाच, पण ज्येष्ठ सदस्यांना छापील प्रतही द्या.

पाहुणा विमानाने येणार असेल तर दाबोळी की मोपा, हे तिकीट पाहूनच गाडी सांगा. २०२३ पासून दोन विमानतळ झाले आणि एकाच्या दारात उभं राहून दुसऱ्यावरच्या पाहुण्याला फोन लावणारे आजही दिसतात. रेल्वेने येणाऱ्याला पणजीसाठी करमळी जवळचं. तिथे गाडी थांबत नसेल तर थिवी किंवा मडगाव. ऑनलाइन जोडणाऱ्यासाठी लिंक कोण पाठवणार ते ठरवून ठेवा, आणि पावसाळ्यात यूपीएसवाली खोली मागा.

अमेरिकेत असाल तर

तिथे समिती जुळवण्यापासून खोली राखण्यापर्यंत सगळं विद्यार्थ्यालाच करावं लागतं, आणि ग्रॅज्युएट स्कूलचा फॉर्म परीक्षेच्या बराच आधी द्यावा लागतो. बऱ्याच प्राध्यापकांची नेमणूक नऊ महिन्यांची असते, म्हणून जून ते ऑगस्टमध्ये त्यांना गृहीत धरू नका. गोव्यातला कोणी सदस्य व्हिडिओवर असेल तर न्यूयॉर्कशी फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा असतो. घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. त्या आठवड्यांत वेळ दोन्हीकडची लिहूनच कळवा.

परीक्षेच्या दिवशी

प्रश्नोत्तरांवर इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. कागदांचं मात्र पाहा. हजेरीपत्रक, निकालाचा फॉर्म, बाहेरच्या सदस्याचं प्रवासभत्त्याचं बिल आणि मानधनाचा कागद एका फाइलमध्ये आधीच भरून ठेवा, नुसत्या सह्या उरल्या पाहिजेत. बोर्डिंग पास त्यांच्याकडून तिथेच मागून घ्या. निकाल 'सुधारणांसह मंजूर' असा आला तर कोणत्या सुधारणा, कोणाला दाखवायच्या आणि किती दिवसांत, हे इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी सूचना प्रत्येकाला वेगवेगळ्या आठवतात. आणि पाहुण्यांची गाडी दारात लागण्याआधी सगळ्या सह्या झाल्या आहेत ना, ते एकदा पान उलटून पाहा.