गोदावरीला पूर आला, पण इंग्रजीत काय लिहाल? या चुका टाळा

गोदावरीचं पाणी वाढलं की नाशिकमध्ये इंग्रजी लिहायची वेळ हमखास येते. सोसायटीच्या ग्रुपवर सूचना टाकायची असते, उशीर होणार म्हणून ऑफिसला मेल करायचा असतो, परगावच्या पाहुण्यांना ‘आज रामकुंडावर येऊ नका’ असं कळवायचं असतं. मग जे काही ओलं दिसेल त्याला सरसकट ‘फ्लड’ म्हटलं जातं. वाचणारा एकतर घाबरतो, नाहीतर दुर्लक्ष करतो. पाणी कुठून आलं आणि कुठवर पोचलं, हे आधी मनाशी पक्कं केलं तर योग्य शब्द सापडायला वेळ लागत नाही.

सगळ्यात महागात पडते ती ‘दुथडी’ची चूक. नदी दुथडी भरून वाहते म्हणजे दोन्ही थड्यांना पाणी लागलंय, पण ते अजून पात्रातच आहे. याचं भाषांतर सर्रास ‘द रिव्हर इज ओव्हरफ्लोइंग’ असं होतं. ओव्हरफ्लो म्हणजे काठ ओलांडून बाहेर! पंचवटीत आईवडील राहतात आणि मुलगा परदेशात आहे, त्याने हे वाचलं तर त्याच्या पोटात गोळाच येईल. दुथडीसाठी ‘इन स्पेट’ चांगलं. काठ खरंच ओलांडला असेल तर ‘द गोदावरी हॅज ओव्हरफ्लोड इट्स बँक्स’ लिहा. इथे ‘ओव्हरफ्लोन’ लिहू नका. ‘फ्लाय’चं रूप ‘फ्लोन’ होतं, ‘फ्लो’चं ‘फ्लोड’.

धरणाबाबतही हाच घोळ. गंगापूर धरणाचे दरवाजे उघडून विसर्ग सुरू केला की ‘डॅम ओव्हरफ्लो’ असे मेसेज फिरायला लागतात. ठरवून सोडलेल्या पाण्याला ‘रिलीज’ किंवा ‘डिस्चार्ज’ म्हणायचं. त्यातच ‘5000 क्युसेक प्रति सेकंद’ असंही वाचायला मिळतं. क्युसेक म्हणजेच सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. सेकंद त्या शब्दातच आहे, पुन्हा कशाला? टीएमसी (एक अब्ज घनफूट) मात्र साठ्याचं माप, ते विसर्गाच्या दराला लावू नका.

‘फ्लॅश फ्लड’ हा शब्द तर फारच स्वस्त झालाय. मुसळधार पावसानंतर काही तासांतच, साधारण सहा तासांच्या आत चढणाऱ्या पुराला तो वापरतात. आधी इशारा देऊन टप्प्याटप्प्याने विसर्ग वाढवला आणि संध्याकाळी गोदाघाटावर पाणी आलं, तर तो नुसता ‘फ्लड’. सराफ बाजारात पावसाचं पाणी तुंबलं आणि नदी पात्रातच असेल, तर आपल्याकडच्या इंग्रजीत त्याला ‘वॉटरलॉगिंग’ म्हणतात. नदी शहरात शिरली आणि गल्लीत पाणी तुंबलं या दोन बातम्या वेगळ्या आहेत, त्या वेगळ्याच राहू द्या.

आता खास नाशिकची अडचण. आपण पूर मोजतो तो नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. ‘मारुतीच्या कमरेला पाणी लागलं’ याचं ‘वॉटर इज वेस्ट-डीप’ केलं की अर्थाचा अनर्थ होतो. वाचणाऱ्याला वाटतं, माणसं कमरेइतक्या पाण्यातून चालताहेत. ‘द वॉटर हॅज रीच्ड द वेस्ट ऑफ द हनुमान आयडॉल ऑन द रिव्हरबँक’ असं पूर्ण वाक्य लिहा. लांबलं तरी चालेल, पण मूर्तीचा उल्लेख गाळू नका.

1969 किंवा 2008 सारख्या महापुराला ‘डेल्यूज’ म्हणावं का? माझ्या मते साध्या माहितीत ‘सिव्हिअर फ्लड’ पुरे. ‘डेल्यूज’मध्ये जलप्रलयाची छटा आहे आणि तो धो-धो पावसालाही वापरतात. ‘इनंडेट’ होते, म्हणजे पाण्याने व्यापली जाते, ती जमीन, घाट, वस्ती; नदी स्वतः ‘इनंडेटेड’ होत नाही. ‘सबमर्ज्ड’ म्हणजे पाण्याखाली गेलेलं. मंदिराचा कळस दिसत असेल तर ‘पार्शली’ जोडा.

वाक्यरचनेत ‘फ्लड केम इन रिव्हर’ टाळा, ‘द रिव्हर इज इन फ्लड’ लिहा. ‘फ्लडेड विथ वॉटर’मधलं ‘विथ वॉटर’ बहुतेक वेळा फुकटचं असतं. ‘फ्लडेड विथ मेसेजेस’मध्ये मात्र ‘विथ’ हवंच. पण हेच मराठीत आणताना ‘शुभेच्छांचा पूर आला’ लिहू नका. आपल्याकडे शुभेच्छांचा वर्षाव होतो, माणसांचा लोंढा येतो, श्रावणात त्र्यंबकेश्वरला भाविकांची रीघ लागते.

उच्चार ‘फ्लड’च, ‘ब्लड’सारखा. ‘फ्लूड’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ‘फ्लुइड’ वाटेल. आणि मराठीत लिहिताना ‘पूर’ दीर्घ, ‘पुराचे’, ‘पुरात’ ऱ्हस्व, पण ‘पूरग्रस्त’ आणि ‘पूररेषा’ पुन्हा दीर्घ.