चिलखतातले दोन योद्धे समोरासमोर: हा प्रसंग लिहिताना या चुका टाळा

नागपुरात काळोख्या अद्भुतकथा लिहिणारी पोरं-पोरी आता बऱ्यापैकी आहेत आणि त्यांची हस्तलिखितं वाचायला माझ्याकडे येतात. जवळपास प्रत्येकात एक प्रसंग असतोच. पडका किल्ला, नखशिखांत लोखंडात मढलेले दोघे, तलवारी उपसलेल्या, आणि अजून पहिला वार झालेला नाही. मला हा प्रसंग फार प्रिय आहे, त्यामुळे तो फसलेला पाहिला की जीव हळहळतो.

दोघं का थांबलेत?

लढायचं कारण सगळेच देतात. भाऊ मारला, गादी बळकावली, घराण्याला शाप दिला. पण एवढंच असेल तर माणूस सरळ तुटून पडेल. तो थांबलाय, म्हणजे त्याला अडवणारंही काहीतरी आहे, आणि तेही तितकंच जड हवं. समजा, समोरच्याच्या चिलखताखाली गावाची राखण करणारा ताईत आहे. तो फुटला तर वेशीबाहेरचं जे आहे ते आत येईल. आता वैऱ्याला मारायचंही आहे आणि छातीवर वारही करता येत नाही. मसुदा ढिला वाटला की समासात दोघांच्या नावापुढे ‘का मारेल’ आणि ‘का मारत नाही’ अशा दोन ओळी लिहून पाहा. दुसरी ओळ सुचत नसेल तर संवाद कितीही घासा, तणाव येणार नाही.

जमीन विसरू नका

दोघे नुसतेच ‘मैदानात’ उभे असतात. कोण उंचावर, ऊन कोणाच्या डोळ्यांवर, मागे हटायला जागा कोणाला, काहीच कळत नाही. सीताबर्डीचा किल्ला रोज डोळ्यांसमोर असताना आपण तरी ही चूक करू नये. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी इंग्रज आणि नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य यांच्यात इथे लढाई पेटली. टेकड्या दोन, एक मोठी, एक छोटी. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांकडच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली आणि मोठीवरच्या इंग्रजांची अवस्था बिकट झाली. नंतर पारडं फिरलं, ती गोष्ट वेगळी. पण तेवढ्या एका उंचवट्यानं सगळी मांडणी बदलली. तुमच्या प्रसंगातही असा एखादा चौथरा, पायरी, ओढ्याचा काठ असू द्या, जो दोघांनाही हवा आहे.

आणि माती. आपल्याकडची काळी माती पावसात पायाला कशी चिकटते ते शेतात गेलेल्या कोणालाही विचारा. चार पावलांत चपलेखाली मातीचा थर बसतो आणि पाय दुप्पट जड होतो. १४१५ साली इंग्रजांशी झालेल्या लढाईत फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंच योद्ध्यांचा घात करण्यात चिखलाचा मोठा वाटा होता. पोलादी चिलखतात ते नांगरलेल्या ओल्या रानातून चालत गेले आणि शत्रूपर्यंत पोचेस्तोवर दमले.

चिलखत म्हणजे वेशभूषा नव्हे

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि दोन्ही टोकांच्या. काहींचे योद्धे लोखंडी कपाटासारखे, पडले की उठतच नाहीत. काहींचे हवेत कोलांट्या घेतात. खरं पाहता युरोपातलं पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं, वजन अंगभर वाटलेलं. त्यात पळता येई, घोड्यावर चढता येई. मात्र दम लवकर जाई. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये माणसांना असं चिलखत घालून ट्रेडमिलवर चालवलं, तेव्हा शक्ती जवळपास दुपटीने खर्च झाली. म्हणजे नुसतं समोरासमोर घिरट्या घालणंसुद्धा महाग आहे, आणि जो आधी हलेल तो आधी दमेल. तुमचा तणाव तिथेच तयार आहे.

दुसरं, तलवारीच्या घावाने पोलादी पत्रा चिरत नाही. पत्र्याखालच्या माणसाला मारायचं तर फट शोधावी लागते: काख, जांघ, गुडघ्यामागची जागा, डोळ्यांसमोरची चीर. आपल्याकडच्या चार-आईना चिलखतात छाती, पाठ आणि दोन कुशींवर चार पत्रे, बाकी कड्यांचं जाळं. नजर त्या सांध्यांवर फिरू द्या. वैरी डावा हात उंच धरत नाहीये, म्हणजे काखेतला पट्टा तुटलाय, हे एकाला कळतं, आणि त्याला कळलंय हे दुसऱ्याला कळतं. हे एक वाक्य पानभर गर्जनांपेक्षा भारी पडतं. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रांच्या दालनात जाऊन निवांत उभे राहा. कड्यांचं चिलखत जवळून पाहिलं की वर्णनातलं ‘चमचमतं’ आपोआप गळून पडतं.

झाकलेला चेहरा हसत नाही

पोलादी मुखवट्याआड ‘ओठांवर क्रूर हसू उमटलं’ असं लिहिलेलं मी पुन्हापुन्हा वाचतो. दिसलं कोणाला? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, सगळं शहर तोंडाला दुपट्टा बांधून फिरतं, तरी सिग्नलला उभी असलेली मावशी आपण ओळखतोच. खांद्याच्या झुकावावरून, हँडल धरायच्या पद्धतीवरून. तुमच्या योद्ध्यानंही मेलेला समजलेला भाऊ असाच ओळखावा: उजवा पाय किंचित फरफटतो, लहानपणी विहिरीत पडल्यापासून. भाषणं छाटा. शिरस्त्राणात स्वतःचाच श्वास कानात घुमतो, समोरचं अर्धंच ऐकू येतं. अर्धवट ऐकलेला एक शब्द पुरे.

काळोख विशेषणांत नसतो

अमावास्या, कावळे, कवट्या, रक्ताळलेला चंद्र, सगळं एकाच परिच्छेदात कोंबलं की भीती उरत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात तेव्हा बघा. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक गावची रोगराई तिच्या माथी घालतात आणि शेवटी तिला जाळतात. लहानपणी मला तिच्या दातांपेक्षा या गोष्टीची जास्त भीती वाटे, की आपल्या घरातलं दुखणंही ती सोबत नेतेय. असं काहीतरी तुमच्या योद्ध्याच्या अंगावर चढवा. त्याचं चिलखत अख्ख्या गावानं आपापली दुखणी देऊन घडवलेलं असेल, तर ते भेदलं की काय बाहेर पडेल?

शेवटी वीज पाडू नका, तिसरा माणूस धावत आणू नका. कोंडी त्या दोघांपैकीच एकानं फोडायची. पहिली हालचाल तलवारीची असायलाही हवी असं नाही. वाचक श्वास रोखून असेल तर टाचेखालची काळी माती सुटल्याचा चिकट आवाज तेवढा पुरतो.